यंत्र म्हणे तटस्थ!

"यंत्राला बाई-पुरुष काय कळतंय, ते तटस्थच असणार" असं पुष्कळदा ऐकू येतं, त्यावर थोडं. २०१८ साली जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू या दोघी संशोधकांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या तीन प्रणाली तपासल्या. गोऱ्या पुरुषांबाबत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या-काळ्या बायकांबाबत ३४.७ टक्क्यांपर्यंत! तोवर चाचणीला वापरायचे फोटो बहुतांश गोऱ्या चेहऱ्यांचेच, मग चूक दिसणार कुणाला?

इकडे मालवणात आमच्या बचत गटातल्या काकींनी बोललेलं लिहून देणारं ॲप लावलं. सुनेला विचारायचं होतं, "सोलां सुकली काय गो?" (सोलां म्हणजे आमसुलं.) उमटलं, "सोळा सुखी". आम्ही पोट धरून हसलो. काकी मात्र वैतागल्या, "ह्येका माझा बोलणाच कळणा नाय." मग पुस्तकी मराठीत, अडखळत, शाळेत उभं केल्यासारख्या बोलायला लागल्या. हसू राहिलं बाजूला, मला ते फार लागलं. आमसुलं, आगळ (कोकमाचा घट्ट रस), फणसाची साटं यांचा अख्खा हिशोब त्यांच्या तोंडी असतो, आणि तो मालवणीतच.

(फोनही लेकाचाच, संध्याकाळी तो घरी आला की मिळणारा. ते वेगळंच दुखणं.)