इंग्रजी शब्द पाठ होतात पण टिकत नाही, काय करू?

अमळनेरचा_पोऱ्या
काय भो, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू आहे, मराठी मिडियम. रोज ३० शब्द वहीत लिहितो, डावीकडे इंग्रजी उजवीकडे मराठी, रात्री घोकतो अन् सकाळी बठ्ठं साफ. काल टेस्टमध्ये ‘राइव्हल’ला ‘आगमन’वर टिक केली, अराइव्हलशी घोळ झाला. क्लासचे सर म्हणता अजून घोक. शब्दाच्या मुळापासून शिकायचं म्हणता ते खरंच कामाचं असतं का नुसता टाइमपास?

पांझराकाठ
टाइमपास नाही रे भाऊ. तुझा राइव्हलच घे ना. लॅटिनमध्ये ‘रिव्हस’ म्हणजे ओढा, अन् एकाच ओढ्याचं पाणी वापरणारा शेजारी तो ‘रिव्हालिस’, त्यावरून राइव्हल म्हणजे प्रतिस्पर्धी. आता शेतकऱ्याच्या पोराला याच्यापुढे काय सांगायचं? पांझरा नदीच्या फड बागायतीत, म्हणजे गावानं मिळून वाटून घेतलेल्या पाटपाण्याच्या शेतीत, पाणी फिरवायला पाटकरी ठेवायचे ते उगाच नाही. आमच्या पाटावर पाटकरी नाही, मग रात्री २ वाजता बॅटरी घेऊन बांधावर उभं राहायचं, कारण वरच्यानं मधेच पाणी तोडलं की आपला अर्धा गहू कोरडा. मला तो शब्द पाठ करावाच लागला नाही, वरच्या शेतातल्या आबांचं तोंडच समोर आलं हाहा. अन् त्याच ओढ्यातून ‘डिराइव्ह’, म्हणजे मूळ अर्थ पाणी वळवून नेणं, आपण पाट काढतो तसं. फॉर्म्युला डिराइव्ह करतो तो हाच.

जुनी_शाळा
छान सांगितलंत दादा, फक्त यात कोणी ‘रिव्हर’ घालू नका. दिसतो सख्खा पण घर वेगळं, तो ‘रिपा’वरून आला, रिपा म्हणजे काठ. गंमत म्हणजे अराइव्हसुद्धा त्याच रिपाचा, मूळ अर्थ काठाला लागणं. म्हणजे बाळा, तुझा घोळ ओढा अन् काठ यांच्यातला होता, आता नाही होणार. पण मुळावर डोळे मिटून विसंबू नकोस. ‘नाइस’चं मूळ अडाणी, काही न कळणारा असं आहे, ते धरून पेपरात लिहिलंस तर मार्क जातील. मी ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं, मुलांना एकच सांगायचे, शब्द एकटा लिहू नका, वाक्यासकट लिहा.

रावेर_केळी
ताईंच्या वाक्याच्या मुद्द्याला प्लस वन. मी डिक्शनरी कधी उघडली नाही, रोज मोबाइलवर इंग्रजीत बाजारभाव वाचतो. ‘बनाना प्राइसेस प्लंज्ड’ दिसलं, त्या दिवशी व्यापाऱ्यानं फोनच उचलला नव्हता, अर्थ आपोआप कळला 😑 नंतर भाच्यानं सांगितलं की प्लंजच्या मुळाशी लॅटिन ‘प्लंबम’ आहे, म्हणजे शिसं. गळाला शिसं बांधून तापीत सोडलं की कसं सरळ तळाला जातं, भाव तसाच गेला होता. प्लंबरही त्यातलाच म्हणे, पूर्वी पाइप शिशाचे असायचे.

अमळनेरचा_पोऱ्या
लय भारी भो. ताई, थँक्यू, आज ३० नाही, ५च लिहिले पण वाक्यासकट. राइव्हलपुढे आमच्या भाऊबंदकीचंच वाक्य लिहिलंय, वही घरात कोणाच्या हाती लागायला नको फक्त.