बिस्मथमधील अतिसंवाहकता : कुलाब्याच्या गटाने नेमके काय दाखवले?

प्रश्न (एमएस्सीचा विद्यार्थी, माटुंगा) : कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गटाने शुद्ध बिस्मथ या धातूसदृश मूलद्रव्याच्या एकस्फटिकात (सलग एकाच स्फटिकात) अतिसंवाहकता, म्हणजे विजेला शून्य रोध असलेली अवस्था, आढळल्याचे डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर केले. ज्या तापमानाखाली ही अवस्था येते ते संक्रमणाचे तापमान अवघे ०.५३ मिलिकेल्विन (निरपेक्ष शून्याच्या जेमतेम अर्धा सहस्रांश अंश वर) असताना या शोधाला एवढे महत्त्व का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (निवृत्त प्राध्यापक, विलेपार्ले) : महत्त्व इलेक्ट्रॉनांच्या दुर्भिक्षात आहे. बिस्मथमध्ये साधारण एक लाख अणूंमागे एकच मुक्त इलेक्ट्रॉन असतो, आणि इलेक्ट्रॉनांची ऊर्जा स्फटिकाच्या कंपनांच्या ऊर्जेपेक्षा कितीतरी अधिक असते, हे अतिसंवाहकतेचे स्पष्टीकरण देणाऱ्या १९५७ च्या बीसीएस (बार्डीन-कूपर-श्रीफर) सिद्धांतामागील गृहीतकच इथे टिकत नाही. माझ्या मते सिद्धांतापुढे उभा केलेला हा प्रश्न हीच या गटाची सर्वांत मोठी कमाई आहे.

उत्तर (प्रयोगशाळेतील संशोधिका, पवई) : सरांशी सहमत आहे, पण मापनाचे कौतुकही व्हायला हवे. इतक्या थंडाव्यासाठी तांब्याच्या अणुकेंद्रकांचे विचुंबकन करावे लागते, म्हणजे त्यांच्यावरचे चुंबकीय क्षेत्र हळूहळू कमी करून तापमान उतरवावे लागते. शिवाय काही मायक्रोटेस्लाचे, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राहूनही क्षीण असे चुंबकीय क्षेत्रही ही अवस्था मोडते, त्यामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रापासूनही नमुना जपावा लागतो.

प्रश्नकर्ता : दोघांचाही आभारी आहे. दाबाखाली बिस्मथ काही केल्विनलाच अतिसंवाहक होते, ती घटना हीच का?

उत्तर (संशोधिका) : नाही. तिथे दाबामुळे स्फटिकरचनाच बदलते. कुलाब्याचा निष्कर्ष सामान्य दाबावरील मूळ रचनेचा आहे.