पायातली नस: रक्ताची की संवेदनेची?

लालबागकर
भाचा काचेवर पडला, मनगट कापलं. परळला डॉक्टर म्हणाले, "पायातली नस काढून मधल्या तुटीत घालू. व्हॅस्क्युलरायझेशन नीट झालं म्हणजे मिळवली." आई म्हणाली, "म्हणजे ह्यांच्या बायपासचंच की!" बायपासला काढतात तीही पायातली नस. मग दोघींना एकच शब्द कसा? आणि त्या लांबलचक इंग्रजी शब्दाला, म्हणजे तुकड्यात रक्तवाहिन्या शिरण्याला, काय म्हणाल?

वॉर्डातली सिस्टर
रोजचंच आहे हे. सलाईन लावताना 'नस मिळत नाही', कंबर धरली की 'नस दबली'. पहिली रक्ताची, दुसरी संवेदनेची. 'शीर' तर त्याहून वाईट! पोटरीत गोळा आला की 'शिरेवर शीर चढली', आणि आखडलेला असतो स्नायू.
आईंना सांगा, बायपासची शीर बहुधा आतल्या घोट्याकडून वर जाते. भाच्याची बहुधा बाहेरच्या घोट्यामागची चेता, म्हणजे संवेदनेची नस, असेल. ती काढल्यावर पावलाची बाहेरची कड बधिर राहते, चालणं अडत नाही.

गिरगावकर
स्नायूवरून आठवलं, बंगालीत 'स्नायु' म्हणजे आपली चेता! 'मज्जातंतू' मला पटत नाही, मज्जा म्हटलं की हाडातला मगज डोळ्यांपुढे येतो. शाळेच्या पुस्तकातला 'चेता' बरा. ग्राफ्टला, म्हणजे असा तुकडा काढून दुसरीकडे लावण्याला, 'रोपण' म्हणावं, त्वचारोपणासारखं.

आंबेवाला (मूळ रत्नागिरी, मुक्काम दादर)
काका, रोपण कशाला? 'कलम' म्हणा, ग्राफ्टच्या दोन तऱ्हांमधला फरकही त्यातच सापडेल. कोय कलमाची काडी झाडापासून तोडून आणतात. सांधा धरून खुंटाचा रस मिळेपर्यंत ती शिदोरीवर जगते. पायातून काढलेली चेता तशीच. पहिले दोन-तीन दिवस आजूबाजूच्या द्रवावर तगते, मग शेजारून रक्तवाहिन्या शिरायला लागतात. जाड असेल तर गाभ्यापर्यंत रक्त पोचण्याआधीच गाभा मरतो, म्हणून बारीक चेतांचे तुकडे शेजारी-शेजारी लावतात.
भेट कलमात फांदी सांधा धरेपर्यंत आईच्याच झाडावर असते. चेतेचं अगदी तसं नाही, पण १९७६ साली टेलर आणि हॅम या डॉक्टरांनी चेता तिच्या रक्तवाहिन्यांसकट उचलून त्या नव्या जागी जोडल्याचं मांडलं. भोवतालची जमीन व्रणाने निबर झाली असेल तिथे हे कामी येतं.

गिरगावकर
बरं, कलम मान्य. पण त्या लांबलचक शब्दामागचं अँजिओजेनेसिस, म्हणजे नव्या रक्तवाहिन्या तयार होणं? 'रक्तवाहिनीजनन'?

आंबेवाला
जनन नको. असलेल्या वाहिनीलाच कोंब येतो, म्हणून 'फुटवा'.

वॉर्डातली सिस्टर
फुटवा छान! तुटलेल्या टोकांमधल्या पोकळीत प्राणवायू कमी पडतो. ते भक्षक पेशींना जाणवतं, त्या व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि वाहिन्यांना फुटवा येतो. चेतेच्या तंतूंना वेढणाऱ्या श्वान (Schwann) पेशी त्या वाहिन्यांवरून सरपटत पलीकडे जातात आणि चेतेचे तंतू त्यांच्यामागून. प्राण्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलंय, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे फुटवा नुसता खाऊ घालत नाही, वाटही दाखवतो. म्हणून तर तुटीत घालायच्या कृत्रिम नळ्यांना हे प्रथिन लावून पाहतात. पण खत जास्त झालं की फुटवा वेडावाकडा येतो, वाहिन्या गळक्या निघतात.

लालबागकर
आईला कलम लगेच कळलं. आता विचारतेय, मोहोर कधी?

वॉर्डातली सिस्टर
चेतेचे तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतात. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पट्टी लावून मोजायला सांगा.