सेन्तोतल्या (सार्वजनिक न्हाणीघरातल्या) आजींचा रबर बँड परत करायचाय. सोबत काय द्यावं?

ओलीछत्री:
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी टोकियोत येऊन आज १७ दिवस झाले. घर निशी-कासाईला, ऑफिस ओतेमाचीत. प्रश्न एवढासाच आहे, पण आधी थोडं रामायण ऐकावं लागेल.

नारिताला सगळं इतकं सुरळीत झालं की मलाच शंका यायला लागली. रहिवासी कार्ड विमानतळावरच हातात पडलं, गाडी वेळेवर आली, एजंटने किल्ली दिली आणि कमरेत वाकून निघून गेला. मी दार उघडून बटण दाबलं. अंधार. दुसरं दाबलं. अंधार. शेवटी बाथरूमचा दिवा लागला तेव्हा कळलं की वीज आहे, दिवेच नाहीत! छताला नुसता सॉकेट. इथे भाड्याच्या घरात खोल्यांचे दिवे आणि पडदे बहुतेक वेळा आपले आपण आणायचे असतात, हे मला एकाही माणसाने सांगितलं नव्हतं. पहिली रात्र बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून काढली. त्याच उजेडात कोन्बिनीतली (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानातली) ओनिगिरी, म्हणजे शेवाळात गुंडाळलेला भाताचा गोळा, उघडली. वेष्टनावर १, २, ३ असे आकडे असतात, त्याच क्रमाने ओढायचं असतं. मी तीनपासून सुरुवात केली. शेवाळाचा कागद प्लास्टिकमध्ये राहिला आणि भात माझ्या मांडीवर.

मग गॅस. वीज-पाणी ऑनलाइन अर्ज भरून सुरू झालं, गॅससाठी मात्र त्यांचा माणूस घरी येणार आणि आपण समोर हजर पाहिजे. तारीख मिळाली पाचव्या दिवसाची. जानेवारी महिना, नळाला बर्फाचं पाणी. दोन दिवस ओल्या फडक्यावर भागवलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसला जायची लाज वाटायला लागली, तेव्हा गल्लीतल्या सेन्तोत गेले. ५५० येन.

आत सगळ्या बायका जन्मल्या तशा. मी टॉवेल छातीशी धरून भिंतीकडेने सरळ गरम हौदाकडे निघाले. एवढ्यात मागून 'चिगाऊ, चिगाऊ' (नाही, नाही). ऐंशीच्या घरातल्या एक आजी. त्यांनी मला मनगटाला धरून बुटक्या स्टुलावर बसवलं, पिवळं घमेलं पुढे सरकवलं, स्वतःचा साबण दिला आणि हाताने खुणावलं, आधी इथे, नीट, मग तिथे. कानामागेसुद्धा! वर स्वतःच्या मनगटावरचा रबर बँड काढून माझे केस वर बांधले. मला आठवत नाही तेव्हापासून कोणी माझे केस बांधले नव्हते. हौदात उतरले तर पाणी असं कढत की तोंडातून 'आई गं' निघालं. आजींना ते कळलं असावं, हसल्या.

टोकियो म्हटल्यावर मला आधी तेच आठवतं. स्कायट्री हा उंच टॉवर रोज सकाळी गाडी आराकावा नदी ओलांडते तेव्हा दिसतो, छान आहे, ६३४ मीटर आहे, असो.

आता गॅस आलाय, पण तो रबर बँड माझ्याकडेच राहिला. परत करताना सोबत काय द्यावं? शिवाय घमेल्याच्या तळाशी काहीतरी छापलंय. अक्षरं लावून वाचलं तर के-रो-रि-न. ती सूचना आहे का? मी पाळली नसेल.

कासाईकर_जुना:
सतरा दिवस म्हणतेस, कुयाकुश्योत (वॉर्ड ऑफिसात) पत्ता नोंदवलास का? राहायला आल्यापासून १४ दिवसांत नोंदवावा लागतो. नसेल तर आधी ते कर, आजी नंतर.

केरोरिन हे वेदनाशामक औषधाचं नाव आहे. १९६३ पासून ते न्हाणीघरांतल्या घमेल्यांवर जाहिरात करतात. पाळण्यासारखं काही नाही.

भेटीचं. मोठा मिठाईचा डबा अजिबात नेऊ नकोस. इथे मिळालेल्या भेटीच्या साधारण निम्म्या किमतीचं काहीतरी परत देण्याची रीत आहे. तू हजार येनांचा डबा दिलास की आजी पाचशेचं काहीतरी शोधत फिरणार, म्हणजे रबर बँडपायी म्हातारीला कामाला लावल्यासारखं. आत्ता संत्र्यांचा मोसम आहे, मिकान ने चार-पाच. आणि फळांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तोंडाने म्हण: 'सेन्जित्सु वा आरिगातो गोझाइमाशिता', परवाबद्दल आभारी आहे. त्या दिवशी आभार मानले असलेस तरी पुढच्या भेटीत पुन्हा मानायचे असतात. आपण मराठी माणसं इथेच कमी पडतो, एकदा मानले की खातं बंद.

५५० चा आकडा मालक ठरवत नाही, कमाल दर टोकियोचं प्रशासन ठरवतं. म्हणून साध्या सेन्तोंत सगळीकडे तोच. चैनीचे 'सुपर सेन्तो' वेगळे, त्यांना हा नियम नाही. १९६८ च्या सुमारास टोकियोत अडीच हजारांवर सेन्तो होते, आता पाचशेही नाहीत. घरोघरी बाथटब आले, धंदा बसला. तुझ्या गल्लीत एक शिल्लक आहे तर जात राहा.

तीनतिघाडा:
मी सहा वर्षं इथे आहे, एकदाही गेलो नाही. घरात टब असताना अनोळखी लोकांत उघडं बसायचं म्हणजे काय?

ओसाकावाली:
तिघाडा, तुम्हाला कोणी बोलावलंय?

ओलीछत्री, जा गं. छोटा टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर ठेवायचा. आणि कधी आमच्याकडे आलीस तर एक लक्षात ठेव. कन्साईतल्या, म्हणजे ओसाकाच्या भागातल्या, बऱ्याच सेन्तोंत एका कोपऱ्यात विजेचा हौद असतो. खरंच वीज. मंद प्रवाह सोडलेला असतो, पाठदुखीला बरा म्हणून. मला माहीत नव्हतं. बसले आणि कंबर अशी आखडली की वाटलं गेले. बाजूची बाई डोळे मिटून निवांत!

ओलीछत्री:
नोंदणी सहाव्या दिवशीच केली काका, तेवढी अक्कल आहे. 🙂

आजच जाऊन आले. आजी पाचच्या सुमाराला येतात. वाक्य पाठ केलं होतं, पण कपडे काढायच्या खोलीत समोर आल्यावर 'सेन्जित्सु'च्या पुढे गाडी सरकेना. त्यांनीच पूर्ण केलं. पाच मिकान दिली. त्यांनी तिथल्या तिथे चार वाटून टाकली, एक सोलून अर्धं मला दिलं. रबर बँड घेतला नाहीच, माझे केस पुन्हा बांधले त्याने.

निघताना त्यांनी काउंटरजवळच्या फ्रिजमधून कॉफी-दुधाची काचेची बाटली काढली, पैसे दिले आणि माझ्या हातात कोंबली.

काका, आता पुन्हा माझ्यावर आलं का हो?