शब्दचर्चा : 'बरे केले' की 'तारले'? शुभवर्तमानांतील आरोग्यदानाचे शब्द

प्रश्न : लूकच्या शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चार चरित्रग्रंथांपैकी एकात) ७:५० मध्ये प्रचलित मराठी भाषांतर म्हणते, 'तुझ्या विश्वासाने तुझे तारण केले आहे'. लूक ८:४८ मध्ये रक्तस्रावाने पीडित स्त्रीला मात्र येशू म्हणतो, 'तुझ्या विश्वासाने तुला बरे केले आहे'. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत का?

उत्तर : नाहीत. दोन्हीकडे वाक्य अक्षरशः एकच आहे : 'ही पिस्तिस सू सेसोकेन से'. लूकमध्ये ते चार वेळा येते : ७:५०, ८:४८, १७:१९ आणि १८:४२. क्रियापद 'सोझो', म्हणजे वाचवणे, संकटातून सोडवणे. ७:५० मधली स्त्री आजारी नाही, तिला पापांची क्षमा मिळते, म्हणून भाषांतरकारांनी तिथे 'तारण' घेतले आणि उरलेल्या तीन ठिकाणी 'बरे करणे'. त्यामुळे चार प्रसंगांना जोडणारा धागा मराठी वाचकाला दिसत नाही.

मराठीत 'सोझो'च्या सर्वांत जवळचा शब्द 'वाचणे' आहे. 'दुखण्यातून वाचला', 'बुडता बुडता वाचला' हे आपण एकाच क्रियापदाने बोलतो. ग्रीकमध्येही तसेच आहे. मत्तय ८:२५ मध्ये वादळात सापडलेले शिष्य 'वाचवा' म्हणतात, ते हेच क्रियापद. मार्क ५:२३ मध्ये याइर आपल्या मुलीसाठी 'ती वाचावी आणि जगावी' अशी विनवणी करतो, तिथेही हेच. 'सेसोकेन' हे पूर्ण काळाचे रूप आहे : क्रिया झाली आणि तिचा परिणाम टिकून आहे. 'केले आहे' यातला 'आहे' म्हणूनच गाळू नये. 'बरे केले' एवढेच लिहिले तर अर्थ उणा होतो.

प्रतिसाद : 'वाचवले आहे' चारही ठिकाणी चालेल हे पटते. पण मग 'बरे होणे' कुठे ठेवायचे? 'थेरापेउओ' आणि 'इआओमाइ' ही दोन्ही क्रियापदे मराठीत 'बरे करणे' अशीच येतात.

उत्तर : लूक ९:११ मध्ये दोन्ही एकाच वाक्यात आहेत : ज्यांना 'थेरापेइया'ची ('थेरापेउओ'चे नाम) गरज होती, त्यांना तो 'इआतो', म्हणजे बरे करत होता. 'थेरापेउओ'चा पहिला अर्थ सेवा करणे. प्रेषितांची कृत्ये १७:२५ मध्ये 'देवाला माणसांच्या हातून सेवा लागत नाही' असे आहे, ते याच क्रियापदाने. त्यावरून आजाऱ्याची सेवा, उपचार, आणि शेवटी बरे करणे. आपल्याकडे 'शुश्रूषा' असाच सरकत आला : मुळात 'ऐकण्याची इच्छा', मग सेवा, मग रुग्णसेवा. (लिहिताना 'सुश्रुषा' नव्हे, 'शुश्रूषा'.) 'इआओमाइ'चा रोख मात्र व्याधी जाण्यावर आहे.

लूक वैद्य होता (कलस्सै ४:१४), म्हणून 'इआओमाइ' हा त्याचा खास वैद्यकीय शब्द, असे पुष्कळदा सांगितले जाते. हा युक्तिवाद टिकत नाही. मार्क ५:२९ आणि योहान ४:४७ मध्येही तोच शब्द आहे.

प्रतिसाद : दहा कुष्ठरोग्यांच्या प्रसंगात 'शुद्ध झाले' असे आहे. तेही 'बरे झाले' याच अर्थी ना?

उत्तर : तिथे गल्लत करू नये. लूक १७ मध्ये क्रम पाहा : १४व्या ओवीत 'काथारिझो' (शुद्ध होणे), १५व्यात 'इआओमाइ', १७व्यात पुन्हा 'काथारिझो', १९व्यात 'सोझो'. शुद्ध झाले दहाजण. 'तुझ्या विश्वासाने…' हे वाक्य ऐकायला मिळाले ते परत आलेल्या एकट्या शोमरोनी (परक्या मानलेल्या शोमरोन प्रांतातल्या) माणसाला. सगळीकडे 'बरे' घातले की प्रसंगाचा कणाच मोडतो.

'शुद्ध' हा जुन्या करारातल्या लेवीय या नियमग्रंथातला (अध्याय १३–१४) शब्द आहे. याजक तपासणार, दोन पक्षी, गंधसरूचे लाकूड, किरमिजी धागा आणि एजोब नावाची वनस्पती घेऊन सात वेळा शिंपडणार, आठव्या दिवशी अर्पण होणार, मग तो माणूस समाजात परतणार. म्हणून येशू 'जाऊन याजकाला दाखव' म्हणतो (मार्क १:४४). त्या अध्यायांतला 'साराअथ' (ज्याचे भाषांतर 'कुष्ठरोग' होते तो हिब्रू शब्द) कपड्यांना आणि घरांच्या भिंतींनाही होतो, तेव्हा तो सरसकट आजचा कुष्ठरोग नव्हे. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतल्या हान्सेन या वैद्याला 1873 साली सापडला. शिकवताना हे सांगितलेच पाहिजे, नाहीतर आजच्या कुष्ठरुग्णावर 'अशुद्ध' हा शिक्का नकळत बसतो.

प्रतिसाद : 'चमत्कार' या शब्दाचे काय?

उत्तर : चमत्कार म्हणजे पाहणाऱ्याला वाटलेला अचंबा. पहिली तीन शुभवर्तमाने या कृत्यांना 'दुनामिस' (सामर्थ्य, सामर्थ्याचे कृत्य) म्हणतात, योहान 'सेमेइयोन' (चिन्ह) म्हणतो. अचंब्याचा शब्द 'तेरास'. शुभवर्तमानांत तो मत्तय २४:२४, मार्क १३:२२ आणि योहान ४:४८ एवढ्याच ठिकाणी आहे, आणि एकाही ठिकाणी निवेदक तो येशूच्या कृत्यासाठी वापरत नाही. 'चमत्कार' रूढ आहे, तो राहू द्यावा. पण विशेषण करताना 'चमत्कारिक' नको. मराठीत त्याचा अर्थ विचित्र, विक्षिप्त.

एका शब्दाला मात्र मराठी फार चांगली साथ देते. मार्क १:४१ मधला 'स्प्लांख्निस्थेइस' हा 'स्प्लांख्ना', म्हणजे आतडी, यावरून आला. 'दया आली' हे त्यापुढे फिके आहे. 'कळवळा आला' योग्यच, आणि बोलताना 'आतडे तुटले' म्हटले तर मूळ प्रतिमाच हाती येते. (बेझा या नव्या कराराच्या प्राचीन हस्तलिखितात या जागी 'रागावून' असा पाठ आहे, त्यामुळे या ओवीवर टिपण लिहिताना पाठभेद नोंदवावा.)

प्रतिसाद : ग्रीक न येणाऱ्या अभ्यासगटाने हे पडताळायचे कसे?

उत्तर : मार्क ५:२१–४३ घ्या. आंतरओळी (प्रत्येक ग्रीक शब्दाखाली अर्थ दिलेल्या) ग्रीक पाठावरून फक्त क्रियापदे उतरवा : २३ सोझो, २८ सोझो, २९ इआओमाइ, ३४ सोझो. शेजारी दोन मराठी भाषांतरांतले शब्द लिहा. ३४ मध्ये आणखी दोन शब्द टिपा : 'हुगिएस', म्हणजे धडधाकट, आणि 'मास्तिक्स', म्हणजे मुळात आसूड. 'पीडा' हे भाषांतर बरोबर आहे, फक्त त्यातला फटका ऐकू येत नाही. 'हुगिएस'साठी नुसते 'बरी' अपुरे पडते, कारण 'बरे आहे' हे आपण 'जेमतेम ठीक' या अर्थानेही म्हणतो. 'खडखडीत बरी' अधिक नेमके.

चूक होते ती पुढच्या पायरीवर : प्रत्येक 'सोझो'त आत्म्याचे तारण वाचले जाते. वादळातली शिष्यांची होडी (मत्तय ८:२५) आठवावी. तिथे जीव वाचवण्यापलीकडे काही मागितलेले नाही. अर्थ प्रसंगावरून ठरवावा आणि त्यासाठी आधीच्या-नंतरच्या निदान दहा ओव्या वाचाव्यात.