मदत हवी आहे: मालकिणीसाठी झुरणारा पोपट
आफ्रिकन ग्रे जातीचा एक पोपट तात्पुरता सांभाळायला घेतलाय. त्याच्या मालकीणबाई आजारपणामुळे त्याला ठेवू शकल्या नाहीत. दिवसभर कोपऱ्यात फुगून बसतो, छातीवरची पिसं उपटतो. दार वाजलं की मात्र हुबेहूब बाईंच्या आवाजात "आले गं" म्हणतो. ऐकवत नाही हो!

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, आजार नाही. पण पक्षी दुखणं लपवतात, म्हणून रोज सकाळी वजन करते. ते हळूहळू उतरतंय. पिंजरा जुनाच, रात्री 10-12 तास अंधार. हात लावत नाही, नुसती शेजारी बसून वाचते.

बाईंचा आवाज फोनवर ऐकवू का? त्याला धीर येईल की खपली निघेल? असा पक्षी कुणी सांभाळलाय? तो पुन्हा नीट खायला कशाने लागला?