मदत हवी आहे: इग्नाशेविचच्या जुन्या मॅचेस पूर्ण कुठे बघायला मिळतील?

मंडळी, रशियाचा फुटबॉल डिफेंडर सर्गेई इग्नाशेविच कुणी नीट फॉलो केलाय का? मी सेंटर बॅकला, म्हणजे बचावात मधोमध खेळतो, यंदा 37 वं लागलं आणि पळून स्ट्रायकर गाठणं आता होत नाही, म्हणून सध्या ह्या माणसाच्या मागे लागलोय.

2018 च्या वर्ल्डकपला रशियाचे डिफेंडर जिकिया आणि वासिन दोघेही गुडघे दुखावून बाहेर गेले, तेव्हा कोच चेरचेसोवने ह्याला 38 व्या वर्षी परत बोलावलं. स्पेनविरुद्ध 12 व्या मिनिटाला ओन गोल. मी तो तुकडा किती वेळा मागेपुढे करून बघितला असेल, बॉलकडे पाठ, स्पेनच्या रामोसला कवटाळून धरलेलं, दोघं खाली जातात आणि बॉल ह्याच्या पायाला मागून लागून आत. त्यानंतर 120 मिनिटं पूर्ण, स्पेनचे हजाराच्या वर पास, आणि शूटआऊटमध्ये दुसरी पेनल्टी मारायला हाच येतो आणि घालतो पण! सहा दिवसांनी क्रोएशियाविरुद्ध परत 120 मिनिटं, परत पेनल्टी बरोबर, टीम हरली आणि ह्याने बूट काढून ठेवले. रशियाकडून 127 मॅचेस. एवढा दम नुसत्या फिटनेसचा नसतो, उभं कुठे राहायचं ते त्याला कळत होतं असं माझं ठाम मत आहे.

आता अडचण अशी की टीव्हीचा कॅमेरा बॉलमागे जातो, डिफेंडर फ्रेममध्येच नसतो. रशियन लिपीत नाव टाकून शोधलं तर त्याच्या लांबून मारलेल्या फ्री किकच सापडतात, त्या भारीच आहेत पण मला त्या नकोत. मला त्याच्या सीएसकेए मॉस्को क्लबच्या पूर्ण मॅचेस हव्यात, तो आणि बेरेझुत्स्की जुळे भाऊ, मागे गोलकीपर अकिनफेयेव, हे चौघं वर्षानुवर्षं एकत्र खेळले ना, ते बघायचंय. 2005 ची लिस्बनची युएफा कप फायनल, स्पोर्टिंगला त्यांच्याच मैदानात 3-1 हरवलं ती, आधी पूर्ण मिळाली तर फारच बरं.

रशियन येणारं कुणी असेल तर शोधताना नेमके कुठले शब्द टाकायचे तेवढं सांगा प्लीज. आणि जे स्वतः मागे खेळतात त्यांनी हे सांगा, बॉल लांब असताना त्याचं काय बघू? पाय, मान, की शेजारच्यापासूनचं अंतर? रविवारी आमची मॅच आहे, त्याआधी काही मिळालं तर उपकार होतील.